लाईट आहे, मग हा सॉकेट बंद का?

बल्ब लागतो, पंखा फिरतो, टीव्हीही चालतो. फक्त भिंतीवरच्या एका सॉकेटला करंट नाही. चार्जर लावला तर मोबाईल गप्प. बाजारातून नवा सॉकेट आणून बसवला, तरी तेच. मग करंट अडला कुठं?

हा प्रश्न कुठल्याही घरात येतो. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, त्वरिता देवीच्या तलवाड्यात आणि आसपासच्या गावांत तो यायला एक खास निमित्तही असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं घराला कुलूप लावून जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाच-सहा महिने बंद राहिलेल्या घरात माणसांच्या मागे बाकीचे जीव नांदत असतात. उंदरांनी पट्टीतली वायर कुरतडलेली असते, बोर्डात मुंग्यांनी घर केलेलं असतं, कुंभारीण माशीने सॉकेटची भोकं मातीने लिंपलेली असतात. घर उघडलं की आधी झाडलोट होते, पाणी भरलं जातं, आणि मग कुणीतरी चार्जर लावतो.

अशा वेळी हात थेट सॉकेटकडे जातो. खरं तर पुष्कळदा बिघाड सॉकेटमध्ये नसतो, त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेवर असतो. ती वाट समजली तर बोर्ड न उघडता निम्मा शोध पुरा होतो आणि वायरमनला नेमकं काय सांगायचं तेही कळतं.

१. जाणं आणि येणं

विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेले पोहरे एका बाजूने वर येतात, रिकामे दुसऱ्या बाजूने खाली जातात. पाणी देतात ते भरलेले पोहरे. पण रिकाम्या बाजूची साखळी तुटली तरी भरलेली बाजू जागच्या जागी थांबते. विजेचंही तसंच. एका वायरीने ती उपकरणापर्यंत येते, काम करते आणि दुसऱ्या वायरीने परत जाते. येणारी वायर म्हणजे फेज, परतणारी म्हणजे न्यूट्रल. दोन्हींपैकी कुठलीही तुटली तर सॉकेट मेला.

आपल्याकडच्या तीन भोकांच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं असायला हवं. नीट केलेल्या वायरिंगमध्ये फेजची वायर लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची हिरवी असते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात. अर्थिंगच्या वायरीतून एरवी काहीच वाहत नाही. ती तुटली तरी चार्जर, पंखा, मिक्सर सगळं चालतं. म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि म्हणूनच तिचं तुटणं सगळ्यात धोक्याचं. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला तीच वाट असते.

२. टेस्टर किती खरं बोलतो?

घरोघरी एक टेस्टर असतो. तो सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, मागच्या टोपीला बोट लावलं आणि आतला छोटा दिवा लागला की आपण म्हणतो, “करंट तर आहे.” इथंच बहुतेकांचा शोध भरकटतो.

टेस्टरच्या आत निऑनचा बारीक दिवा असतो आणि त्याच्यासोबत फार मोठा, साधारण दहा लाख ओहमचा रोध. त्या रोधामुळे आपल्या अंगातून अगदी नगण्य, एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो आणि तेवढ्यावर तो दिवा लागतो. म्हणजे टेस्टर इतकंच सांगतो की या टोकाला दाब आहे. पंखा फिरवण्याइतका प्रवाह इथून मिळेल का, परतीची वाट शाबूत आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही.

समजा सॉकेटकडे येणारी न्यूट्रल वायर उंदराने तोडली आहे. उजव्या भोकात टेस्टर लागेल. आता त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या, त्याच न्यूट्रलवर असलेल्या बल्बचं बटण चालू करा. बल्ब लागणार नाही, पण डाव्या भोकात, जिथं काहीच नसायला हवं तिथं, टेस्टर लागेल. कारण फेजकडून आलेली वीज बल्बच्या तारेतून पुढे सरकली, तिला परतीची वाट सापडली नाही आणि ती न्यूट्रलच्या तुटक्या टोकावर येऊन थांबली. दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि काहीच चालत नाही, हे न्यूट्रल तुटल्याचं ठळक लक्षण. ते पाहून “डबल फेज आला” असं म्हटलं जातं. फेज मात्र एकच असतो. आणि ते काळं टोक आता फेजइतकंच जीवघेणं असतं. काळी वायर म्हणजे निरुपद्रवी, असं धरून चालणाऱ्याचा जीव इथं जातो.

उलटही घडतं. फेजची वायर मध्येच तुटलेली असते, पण पाइपातून तिच्या शेजारून दुसरी चालू वायर जात असते. मग तुटलेल्या टोकावरही टेस्टर मंद लुकलुकतो.

यावर वायरमन लोकांचा जुना उपाय आहे टेस्ट लॅम्प: एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. बल्ब खरा प्रवाह खेचतो, म्हणून तो फसत नाही. आपल्याला उघड्या वायरींशी खेळायची गरज नाही. पिन लावलेला साधा टेबल लॅम्प घ्या, त्यात जुना तारेचा बल्ब असला तर उत्तम. तो आधी चालू सॉकेटवर लावून पाहा, मग बंद सॉकेटवर. दिवा पूर्ण तेजाने लागला तर दोष तुमच्या चार्जरचा किंवा त्याच्या पिनेचा.

३. बटणापासून खांबापर्यंत

आता वाट उलटी चालायची. खांबावरून सर्व्हिस वायर मीटरला येते, तिथून मेन स्विचला, मग एमसीबीच्या डब्यात (जुन्या घरांत किटकॅट फ्यूजच्या बोर्डावर), मग एकेका खोलीच्या बोर्डाला. पुष्कळ घरांत एका बोर्डातून पुढच्या बोर्डाला वायर ओढलेली असते. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या बोर्डातला ढिला स्क्रू ओसरीवरचा सॉकेट बंद पाडू शकतो, आणि आपण ओसरीवर सॉकेट बदलत बसतो.

म्हणून पहिला प्रश्न: आणखी काय बंद आहे? टेबल लॅम्प घेऊन घरभर फिरा आणि कोणते सॉकेट चालू, कोणते बंद ते कागदावर लिहा. या एका फेरीत जे कळतं ते बोर्ड उघडूनही कळत नाही.

फक्त एकच सॉकेट बंद आणि त्याच बोर्डावरचे बल्ब, पंखा चालू असतील तर संशय पहिला बटणावर. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असतं आणि आतले संपर्क ठिणग्यांनी जळतात. बटण चालू असताना उजव्या भोकात टेस्टर लागत नसेल तर बटण गेलं असण्याची शक्यता मोठी. बटण बंद असतानाही टेस्टर लागत असेल तर ते जास्त गंभीर: कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं आहे, किंवा बोर्डाला येणाऱ्या फेज-न्यूट्रलच्या वायरी उलट लावल्या आहेत. असा सॉकेट आपल्याला बंद वाटतो आणि तो चालू असतो. तो वायरमनकडून लगेच सुधारून घ्यावा.

अख्खा बोर्ड बंद असेल तर त्याच्या आधीच्या बोर्डाकडे जा. अख्खी खोली किंवा घराची एक बाजू बंद असेल तर एमसीबी पाहा. उडालेला एमसीबी कधीकधी पूर्ण खाली येत नाही, मध्येच अडकल्यासारखा उभा राहतो आणि लांबून चालूच वाटतो. तो आधी जोर देऊन पूर्ण खाली करायचा, मग वर. लगेच पुन्हा उडाला तर थांबा. कुठंतरी शॉर्ट आहे. किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळून हा प्रश्न “सोडवण्याची” आपल्याकडे रीत आहे. तारेने वितळायचं असतं, ते काम मग भिंतीतली वायर करते, आणि भिंतीतल्या वायरीवर छपराचं लाकूड किंवा कापसाची गंजी असू शकते.

बंद घरातून आल्यावर यात एक काम आधीचं. मेन चालू करण्यापूर्वी सॉकेटची भोकं पाहावीत. कुंभारीण माशीची माती दिसली तर मेन बंद ठेवूनच ती काढायची. उंदराच्या लेंड्या ज्या पट्टीखाली दिसतील ती पट्टी वायरमनला दाखवायची.

४. इन्व्हर्टर आला की घरात दोन विजा

लोडशेडिंगने मराठवाड्यात घरोघरी इन्व्हर्टर आणला आणि सॉकेटचं गणित बदललं. आता घरात विजेचे दोन उगम असतात: महावितरणची लाईन आणि बॅटरी. सगळे सॉकेट दोन्हींवर नसतात, आणि तसे ते असूही नयेत.

हिशेब करून पाहू. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १२ × १५० = १८०० वॅट-तास. ७५ वॅटचा एक पंखा आणि ९ वॅटचे चार दिवे मिळून १११ वॅट. बॅटरीचा ऱ्हास आणि इन्व्हर्टरमधली गळती धरूनही रात्रीचे बरेच तास निघतात. पण त्यावर पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लावला तर बॅटरीतून १२५ अँपिअरहून जास्त खेचावे लागतील. घरगुती इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटचा. तो लगेच ओव्हरलोड दाखवून बंद होतो. म्हणून मोठे, १६ अँपिअरचे सॉकेट वायरमन मुद्दाम इन्व्हर्टरवर घेत नाही. लाईट गेल्यावर ते बंद पडणं हा बिघाड नाही.

खरी गंमत उलट्या प्रकारात आहे. गावात लाईट आहे, मोठे सॉकेट चालू आहेत, पण दिवे, पंखे आणि छोटे सॉकेट रात्री दहाच्या सुमारास एकदम बंद पडतात. कारण लाईट असतानाही या सॉकेटची वीज इन्व्हर्टरच्या पोटातूनच पुढे जाते. इन्व्हर्टरच्या मागचा इनपुटचा फ्यूज किंवा खटका उडाला की त्याला वाटतं लाईट गेली. तो मुकाट्याने बॅटरीवर चालू राहतो, आपल्याला पत्ताही लागत नाही, आणि काही तासांनी बॅटरी संपते. लाईट असताना इन्व्हर्टरवर बॅटरीची खूण दिसत असेल तर ताबडतोब मागचा खटका पाहावा.

आणि इथंच या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी. मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेलं, हे इन्व्हर्टर असलेल्या घरात खोटं आहे. मेन बंद केल्या क्षणी इन्व्हर्टर जागा होतो आणि बोर्डात पुन्हा २३० व्होल्ट येतात. बोर्ड उघडायचाच असेल तर मेनही बंद आणि इन्व्हर्टरही बंद. नंतर टेस्टर आधी चालू असल्याची खात्री झालेल्या ठिकाणी लावून तो ठीक आहे हे पाहायचं, आणि मगच बोर्डावर. छपरावर सोलर आणि त्याची बॅटरी असेल तर तिसरा उगमही बंद करायचा.

५. चाकांवरच्या घरात हेच कोडं

अमेरिकेत स्वयंपाकघर, बिछाना, न्हाणीघर असलेली मोठी घरगाडी घेऊन कुटुंबं आठवडेच्या आठवडे फिरतात. तिथली मराठी कुटुंबंही सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेतात. आपल्याकडे महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा यांच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. या गाडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच: दिवे लागताहेत, मग सॉकेट बंद का?

उत्तर तलवाड्यातल्या इन्व्हर्टरच्या घरापेक्षा फार वेगळं नाही. अशा गाडीतले दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतात. ते लागणं म्हणजे बॅटरी जिवंत आहे एवढंच. सॉकेटची वीज बाहेरच्या खांबावरून केबलने येते, अमेरिकेत ती १२० व्होल्टची असते. केबल नीट बसलेली नाही, खांबावरचा खटका पडलेला आहे, अशी कारणं निघतात आणि गाडीतला माणूस दिव्याकडे पाहून म्हणत राहतो की लाईट आहे. आपल्याकडेही इन्व्हर्टरवरचा बल्ब हा लाईनच्या विजेचा पुरावा नाही.

तिथल्या मोठ्या, ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वायरी आत येतात. त्यातली एक तुटली की गाडीचे निम्मे सॉकेट बंद, निम्मे चालू. आपल्या गावात थ्री-फेज मीटर असलेल्या घरात, म्हणजे पिठाची गिरणी किंवा दुकान घरालाच लागून असेल तिथं, नेमकं हेच होतं. पुढची खोली एका फेजवर, मागची दुसऱ्यावर. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, एक फेज उडाला की अर्धं घर अंधारात आणि अर्ध्यात टीव्ही चालू. घरात काहीही उघडण्याआधी शेजाऱ्याला विचारावं, “तुमच्याकडं एक फेज गेलाय का?”

त्या गाड्यांतली आणखी एक सोय माहीत असावी. न्हाणीघरातल्या सॉकेटवर गळती पकडणारं एक बटण असतं आणि बाहेरचा, ओट्यावरचा असे बरेच सॉकेट त्याच्याच मागे जोडलेले असतात. ओलाव्याने ते बटण उडतं आणि दहा फुटांवरचा कोरडा सॉकेट मरतो. आपल्याकडे हे काम मेन डब्यातला आरसीसीबी करतो.

६. आरसीसीबी सारखा उडतो तेव्हा

फेजमधून जेवढी वीज आत गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली का, एवढंच आरसीसीबी पाहतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की वीज तोडतो. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे ही तफावत त्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. १६ अँपिअरच्या एमसीबीला ती जाणवणारही नाही. पण माणसाच्या छातीतून एवढा प्रवाह थोडा वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतात तो बहुतेक घरांत आता हाच असतो, आणि “सारखा उडतो” म्हणून तो काढून टाकलेलीही घरं आहेत. तो उडत होता कारण कुठंतरी वीज गळत होती. तो काढल्यावर गळती तशीच राहिली.

गळती शोधणं अवघड नाही. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर घ्या. जो वर घेताच आरसीसीबी उडाला त्याच्या भागातल्या सगळ्या पिना काढा, पुन्हा चालू करा, मग एकेक उपकरण लावा. बऱ्याचदा गिझर, पाण्याची मोटर, जुना फ्रिज किंवा पावसात भिजलेला अंगणातला बोर्ड सापडतो. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल कुठंतरी अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला लागला आहे. तिथं वायरमन हवा.

अर्थिंगचा खड्डा याच वेळी पाहून घ्यावा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. मार्च ते मे त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणं हे रोपाला पाणी घालण्याइतकंच गरजेचं काम आहे.

७. ढिला स्क्रू

सॉकेटच्या मागचा स्क्रू थोडा ढिला झाला आणि तिथं ०.२ ओहमचा रोध तयार झाला, असं समजू. उष्णता मोजायची तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ७५ वॅटचा पंखा ०.३३ अँपिअर घेतो. ढिल्या स्क्रूवर निर्माण होणारी उष्णता ०.०२ वॅट. वर्षानुवर्षं काही जाणवणार नाही. आता त्याच सॉकेटवर १५०० वॅटचा रॉड लावा. १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर, आणि उष्णता सुमारे साडेआठ वॅट. बंद बोर्डात, स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत, रोज सकाळी अर्धा तास. प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, संपर्क आणखी बिघडतो, रोध वाढतो, उष्णता अजून वाढते, आणि एके दिवशी सॉकेट बंद पडतो. खरं म्हणजे त्या दिवशी तो जळून थांबला.

शिवाय छोटा सॉकेट ६ अँपिअरचाच असतो. रॉड, इस्त्री, गिझर यांची जागा १६ अँपिअरच्या सॉकेटवर. जुन्या घरांतल्या ॲल्युमिनियमच्या वायरी स्क्रूखाली हळूहळू दबून ढिल्या होतात. तिथं हा प्रकार लवकर होतो. पिन बसवल्यावर चरचर आवाज, जळकट वास, हाताला गरम लागणारी पिन, यातलं काहीही आढळलं तर तो सॉकेट त्याच दिवशी वापरातून काढावा. बदलताना नुसता सॉकेट बदलू नये, वायरीचा काळवंडलेला तुकडा कापून ताज्या टोकावर जोडावा.

८. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर

हे घराबाहेरचं, पण ओळखता आलंच पाहिजे. डीपीपासून तीन फेज आणि एक सामाईक न्यूट्रल गावात येतो. तो न्यूट्रल वाऱ्याने किंवा गंजाने तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी समान नसते. एका घरात १०० वॅटचे दिवे आणि टीव्ही, दुसऱ्यात १००० वॅटची इस्त्री चालू असेल तर पहिल्या घराचा रोध दहापट. ४०० पैकी जवळपास ३६४ व्होल्ट त्याच्या वाट्याला येतात आणि इस्त्रीच्या घराला ३६. ज्याने कमी वीज वापरली त्याचाच टीव्ही जळतो. एका घरात बल्ब अचानक फार प्रखर आणि शेजारी एकदम मंद, हे दिसलं की क्षणभरही न थांबता मेन स्विच बंद करायचा, शेजारच्यांना हाक मारून त्यांचाही बंद करायला लावायचा आणि १९१२ वर महावितरणला कळवायचं. खांबावर चढणं आणि डीपीचा दरवाजा उघडणं हे लाईनमनचं काम आहे. गावातल्या धीट मुलाला तिथं पाठवू नये.

लाईनमन जोडणी करून गेल्यावरही मेन लगेच वर घेऊ नये. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, चार्जर यांच्या सगळ्या पिना काढाव्यात, फक्त टेबल लॅम्प लावून मेन चालू करावा आणि तो दहा-पंधरा मिनिटं एकसारखा जळतो का ते पाहावं. मग एकेक पिन परत लावायची, सगळ्यात शेवटी फ्रिजची.